रस्त्यापासनं तिसरं खाचर

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला पाण्याच्या तांब्याबरोबर एक कामही मिळायचं. हे माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, धोरण होतं आणि त्यातून कोणाचीही सुटका नव्हती. विम्याचा एजंट योजना समजावून सांगायला आला आणि जाताना पेंढ्याचे वीस भारे माळ्यावर चढवून गेला. मतं मागायला आलेला उमेदवार कार्यकर्त्यांसकट पावट्याच्या शेंगा सोलत बसला. "मानूस रिकामा बसला का खोटं बोलाय लागतो," असं आबा म्हणायचे, आणि त्या उमेदवाराच्या तोंडावरही म्हणाले.

माझे वडील त्यातून सुटतील असं मला उगीच वाटलं होतं. मी आणि विलास एकाच कॉलेजात होतो, लग्नाचं आमचं आम्ही ठरवून टाकलं होतं. वडील पुण्याच्या पेठेतले, आयुष्यभर कचेरीत काढलेले. इस्त्रीचा शर्ट घालून आणि खिशात विचारायच्या प्रश्नांची यादी घेऊन ते मुळशीत पोचले, तेव्हा आबा अंगणात वाखाचा दोर वळत होते. "पावनं, येवढं टोक धरा बरं घट्ट. सैल सोडू नका. हां, आता बोला." दोर वळून होईपर्यंत, म्हणजे चांगला तासभर, माझे वडील टोक धरून उन्हात उभे होते. पंधरा हातांच्या अंतरावरून लग्नाची बोलणी झाली. खिशातली यादी काढायला हात मोकळे नव्हते, त्यामुळे मुलीला शेतात काम करावं लागेल का, हा शेवटचा प्रश्न विचारायचा राहून गेला. घरी येऊन त्यांनी लाल झालेले तळवे आईला दाखवले आणि म्हणाले, "माणूस फार चांगला आहे. पण जरा विचित्र आहे." या अभिप्रायात पुढच्या सतरा वर्षांत मला काहीही बदल करावा लागला नाही.

आबा तीस वर्षं घोटावड्याच्या बाजूला एका कंपनीत पत्रा कापायच्या मशिनवर होते. पहाटे गोठा, मग शेत, दुपारी सायकलवरून कंपनी, असा त्यांचा दिवस. निवृत्त झाल्यावर कंपनी सुटली, पण कंपनीची भाषा काही सुटली नाही. शेतातल्या न्याहारीला ते 'टी टाइम' म्हणत आणि पाऊस पडला की 'मशिन बंद'. गोठ्यातल्या म्हशीचं नाव मॅनेजरीणबाई, कारण दूध कधी द्यायचं ते ती ठरवायची. बैलाचं नाव सुपरवायझर. "काम करत न्हाई, पर तोंड सारखं हलवतो," हे त्याचं कारण. एकदा कंपनीतले खरे सुपरवायझर जेवायला आले होते. ते हात धुवायला गोठ्याच्या बाजूला गेले आणि आतून आबांचा आवाज आला, "सुपरवायझर, सरक तिकडं, शेन भरायचंय!" साहेब बिचारे पटकन बाजूला झाले. आबा मात्र संध्याकाळपर्यंत मधूनच कोपऱ्यात जाऊन खांदे हलवत हसत होते.

दुःख करत बसलेलं माणूसही त्यांना रिकामंच वाटायचं. मी गणिताची शिक्षिका. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पिरंगुटच्या शाळेतली नोकरी हाताशी येऊन गेली, तेव्हा मी स्वयंपाकघरात डोळे गाळत बसले होते. आबा आत आले, माझ्याकडे बघितलं, बाहेर गेले आणि पाटीभर कांदे घेऊन आले. "रडायचं आसंल तर ह्ये चिरत रड. दोनी कामं व्हतील." मग स्वतःही विळी घेऊन समोर बसले. थोड्या वेळाने पाहते तो त्यांच्याच डोळ्यांतून धारा लागलेल्या. नाक ओढत म्हणाले, "तुझ्यापरीस मलाच जास्त वाईट वाटतंय, बघ." मला हसू आवरेना. ती नोकरी पुढच्या वर्षी मिळाली, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी या गृहस्थांनी गावभर सांगितलं की आमच्या सुनेला कांद्याने नोकरी लावली.

पण आबा खरे बघावेत ते भाताच्या लावणीत. जमिनीचे बाकीचे तुकडे कंपन्यांकडे, प्लॉटांकडे गेले होते. उरलं होतं ते एक खाचर, म्हणजे बांधांनी अडवून पाणी धरलेला भाताचा तुकडा. तेवढ्यासाठी आषाढातल्या एका रविवारी सगळ्यांनी यायचं, हा आबांचा हुकूम. महाळुंग्याच्या सोसायटीत राहणारा धाकटा दीर असो, नाहीतर कासारसाईला दिलेली नणंद असो, सबब चालायची नाही. लावणी करायची ती वाकून, मागे मागे सरकत. प्रत्येकाला आपली पात, म्हणजे लावत जायची पट्टी. जो मागे राहील त्याला दोन्हीकडून आणि पाठीमागून भराभर रोप लावून कोंडायचा, हा आमच्या घरचा खेळ. कोंडलेल्याने उखाणा घेतल्याशिवाय सुटका नाही, मग तो पुरुष का असेना.

पहिल्या वर्षी अर्थातच मी कोंडले गेले. घाबरून लग्नातला उखाणा म्हटला तर आबांनी तो नामंजूर केला. "ह्यो शिळा झाला. ताजा घाल." मला येईना, तेव्हा माझ्याऐवजी ते स्वतःच कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि सासूबाईंकडे बघत म्हणाले, "खाचरात पानी, पान्यात रोप, सखूबाईच्या रागापुढं उडती माझी झोप." सासूबाईंनी चिखलाचा गोळा नेम धरून मारला. तो आबांच्या टोपीवर बसला आणि त्यांनी ती टोपी दिवसभर तशीच मिरवली.

हसवायचा म्हटला तर आबांनी दगड हसवला असता. फक्त एक माणूस हसत नव्हता, आणि तो नेमका आमच्या बांधाला बांध लागून होता. धोंडूनाना हे आबांचे सख्खे चुलतभाऊ. दोघे एका वयाचे, एका पाटीवर लिहायला शिकलेले, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. माझं लग्न व्हायच्या पाच वर्षं आधी दोघांच्या खाचरांमधला बांध एका पावसाळ्यात वीतभर खचला. आबांना वाटलं, नानांनी कोरला. नानांना वाटलं, आबांनी कोरला. आबांनी चारचौघांत नानांना 'बांधचोर' म्हटलं आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

मी या घरात आले तेव्हा आबांना खरी गोष्ट कधीच कळलेली होती. ती त्यांनी सासूबाईंनाही सांगितली नव्हती. एकदा बांधावर बसून भाकरी खाताना मला म्हणाले, "खेकड्यांनी पोखरलावता गं पोरी. म्या हात घालून बगितलं. बिळंच बिळं."

"मग सांगा की नानांना!"

"काय सांगू? चारचौगांत चोर म्हनलं म्या त्येला. त्यो बोलंल तवा ना मी बोलनार."

"आणि नानाही असंच म्हणत असतील तर?"

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "सगळं गाव हसतंय माझ्या बोलन्यावर. पर त्यो हसला न्हाई तर मला मज्जा आल्यागत वाटत न्हाई. तेवडं मराच्या आदी व्हावं."

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. नाना पलीकडे काम करत असले की आबांचा आवाज आपोआप चढायचा. सगळ्यात चांगला किस्सा ते अशा वेळी, बांधाच्या जवळ जाऊन सांगायचे आणि शेवटाला आले की डोळ्याच्या कोपऱ्यातून पलीकडे बघायचे. नाना त्या क्षणाला नेमकी पाठ फिरवायचे. बावीस वर्षं हे चाललं होतं. मला दोघांचाही राग यायचा, खरं सांगते. शाळेत अशी दोन मुलं असती तर मी त्यांना एका बाकावर बसवलं असतं.

मग गेल्या वर्षी आषाढातच आबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. चिखलणी, म्हणजे खाचर नांगरून चिखल करायचं काम, ते आधीच करून गेले होते. रोपही तयार होतं. दवाखान्यात सासूबाई आणि थोरले दीर त्यांच्याजवळ. उरलेल्या आम्ही सगळ्यांनी ठरवलं की लावणी चुकवायची नाही, आबांना करून दाखवायची. मी फोन केला. आबा खोल आवाजात म्हणाले, "रस्त्यापासनं तिसरं खाचर. सरळ लावा. आन त्या धाकट्याला कोंडा."

पन्नास वर्षं ते आमचं खाचर असंच सांगत आले होते. एरवी आम्ही आबांच्या मागोमाग जायचो. मोजायची वेळ कधी आलीच नव्हती. या वेळी पोचलो तर ओळखीचं काही दिसेना. हिंजवडीकडच्या गाड्या वाढल्या म्हणून उन्हाळ्यात रस्ता रुंद केला होता, कडेची जांभळं गेली होती, सगळीकडे नुसता मुरूम. विलास गोंधळला, धाकटा दीर फोनवर नकाशा बघायला लागला. तेव्हा मी पुढे झाले. गणिताची बाई ना मी! बोट दाखवून मोजलं: एक, दोन, तीन. तिसरं खाचर चिखलणी करून तयार होतं. दुसरंही तयार होतं. "ते नानांचं असेल," मी म्हणाले, आणि उतरले.

दिवसभर आम्ही दणकून लावणी केली. धाकट्या दिराला दोनदा कोंडला. पाती थोड्या वाकड्या गेल्या, पण आबांशिवाय एवढं जमलं म्हणून आम्हीच आमच्यावर खूश. धोंडूनाना सकाळपासून बांधावर छत्री धरून बसले होते. उठले नाहीत, बोलले नाहीत, एकटक आमच्याकडे बघत राहिले. "बघा, आबा नाहीत तर कसे टक लावून बसलेत," नणंद कुजबुजली. आम्ही मुद्दाम मोठमोठ्याने उखाणे म्हटले.

संध्याकाळी आबांना व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत फोन आला, पण पलीकडून शब्द नाही, नुसता घरघरता आवाज. मग कळलं की आबा हसतायत आणि टाके दुखतात म्हणून हसू दाबतायत. "आगं येडे... रस्त्यानं आपल्याकडचं पयलं खाचर खाल्लं की ह्या उन्हाळ्यात! आता आपलं दुसरं. तिसरं धोंड्याचं. पन्नास वर्सांची जीभ, 'तिसरं'च म्हनली." मग हळूच म्हणाले, "त्यो काय म्हनला?"

"काहीच नाही. दिवसभर बसून होते."

"ग्येलं मंग," आबा म्हणाले. "आता मेल्यावर बी बोलायचा न्हाई." बावीस वर्षांपूर्वी ज्याला बांधचोर म्हटलं, त्याचं आता आख्खं खाचरच आम्ही घेतलं होतं. आणि मोजणी माझी होती. त्या रात्री मी इतकी ओशाळले की जेवलेसुद्धा नाही.

मंगळवारी सकाळी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले. आबांना पेज भरवत होते तेवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिलं. पायजम्याला गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, काखेत छत्री. धोंडूनाना. सासूबाई खुर्चीवरून उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. नाना कॉटच्या पायथ्याशी आले आणि त्यांनी गज धरला.

"किसन्या," ते म्हणाले, "तुझ्या पोरांनी माझं खाचर लावलं."

आबा म्हणाले, "मंग आडवलं का न्हाईस?"

"आडवाय बोलाय लागलं आस्तं."

नानाच पुढे बोलले, "सकाळधरनं छत्री धरून बसलो. म्हनलं, ही पात झाली का सांगू, ती पात झाली का सांगू. ही तुझी मास्तरीन येवड्या जोरात उखाने घेतीया, मधी तोंड कसं घालायचं? आन लावनी किती वाकडी! लाज न्हाई वाटली?"

"मला काय इचारतो? मी हितं पोट फाडून पडलोय."

"काल माझं रोप तुझ्या खाचरात लावून आलोय. सरळ लावलंय. तुझा आंबेमोहर माझ्यात, माझा इंद्रायनी तुझ्यात. झालं."

आबांनी माझ्या हातातला चमचा बाजूला केला. "धोंड्या, त्यो बांध..."

"खेकडं," नाना म्हणाले. "दुसऱ्याच वर्साला कळलं मला."

"मला पयल्याच!"

यावर दोघेही जे हसायला लागले ते थांबेनातच. आबांनी पोटाशी उशी घट्ट धरली होती, "आरं टाकं, आरं टाकं तुटत्याल" म्हणत होते आणि तरी हसत होते. नाना गजावर डोकं टेकून हसत होते. नर्स धावत आली आणि रागावली, तर आबांनी तिच्या हातात छत्री दिली आणि वाळत घालायला सांगितली. मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. कांदे नव्हते, पण चाललं.

घरी आल्यावर आबांनी नानांशी एक करार केला. बावीस वर्षांचं बोलणं थकलंय, तर रोज दोन दिवसांचं बोलायचं: एक आजचं आणि एक त्या अबोल्यातलं. रोज सकाळी सातला नाना यायचे, ओट्यावर बसायचे आणि दोघं क्रमाने सुरू व्हायचे. कोणत्या पोळ्याला कोणाचा बैल उधळला, कोणाच्या हळदीत कोण घसरून पडलं, कोणत्या किश्श्याला नाना पाठ फिरवून हसले होते. एकच गोष्ट दोघांनी आपापल्या बांधावरून बघितलेली, ती दोनदा सांगून व्हायची. सासूबाई म्हणायच्या, बावीस वर्षं घर किती शांत होतं.

हे सहा महिने चाललं. दोन्ही खाचरं कापून झाली, दोन्ही घरी दोन्ही भात शिजले. पौषात एका सकाळी आबा गोठा उरकून ओट्यावर आले, नानांना काहीतरी सांगायला लागले, सांगता सांगता स्वतःच हसले आणि खांबाला टेकले. नानांना वाटलं, पुढचं आठवतोय. ते तसेच थांबून राहिले. चहा घेऊन मी बाहेर आले तेव्हा समजलं.

वाईट वाटलं, फार वाटलं. अजूनही सकाळी गोठ्याकडे कान जातो. पण दहाव्याला जमलेल्या माणसांसमोर नानांनी आबांच्या एकेका उचापतीचं असं वर्णन केलं की सांत्वनाला आलेले लोक हसून डोळे पुसत होते, आणि सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला होता. असं दुःख फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल.

तेराव्यानंतरच्या सकाळी सातला ओट्यावर छत्री टेकल्याचा आवाज आला. नाना येऊन बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी सुरुवात केली, त्या दिवशी थांबलं होतं तिथून. "त्येचं बोलून झालं," ते म्हणाले, "माझं ऱ्हायलंय की." तेव्हापासून ते रोज येतात. शाळेची रिक्षा येईपर्यंत मी समोर बसते. नाना गाळत नाहीत, उड्या मारत नाहीत. पोळ्यामागून दसरा, दसऱ्यामागून दिवाळी, असं एकेक दिवस पुढे सरकत जातात. त्या वर्षांतले आबा मी पाहिलेले नाहीत. चाळिशी उलटलेले, काळ्या मिशांचे, सायकलवर उभं राहून येणारे. ते मला असे रोज थोडेथोडे भेटतात.

परवा मी त्यांना विचारलं, "नाना, कुठवर आलो हो आपण?"

त्यांनी बोटांची पेरं मोजली. "इलास आजून कालेजात हाय. तू ह्या घरात आजून यायची हायस, पोरी."

"म्हणजे मी अजून नाहीच?"

"न्हाई," नाना म्हणाले, "पर किसन्या वाट बगतुया. च्या टाक, येशील."